मधलीला पाठवा

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, थेंब घालायचे दिवस संपले, आणि मधली आपली पिशवी घेऊन घरी परत आली. पिशवीत दोन ड्रेस, टॉवेल, कंगवा आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड गाईड होतं. तिने ड्रेस धुवायला टाकले, गाईड उशीखाली सरकवलं आणि बाह्या वर करून ती सिंकपाशी उभी राहिली. कालची भांडी तशीच होती. वहिनीला सहावा महिना होता. तिला वाकवत नव्हतं.

"आलीस का?" डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच बाबांनी विचारलं. बाबा घड्याळजी. दुकान केव्हाच बंद केलं होतं, पण खिडकीशी टेबल मांडून ते अजूनही लोकांची जुनी घड्याळं उघडून बसत. "काकू बऱ्या?"

"बऱ्या आहेत."

"छान. चहा टाक जरा."

वर दादा, खाली धाकटी, म्हणून ही मधली. विज्ञान शाखेतून चांगल्या मार्कांनी बारावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. दादा नोकरीच्या शोधात होता, धाकटी शाळेत होती, बाबांना दुकान होतं. मधलीला काहीच नव्हतं. "एक वर्ष थांब, आई जरा सावरली की घे कॉलेजला नाव," असं सगळ्यांनी सांगितलं. आई सावरली नाही. एका वर्षाची सहा झाली. तेवढ्या काळात दादाचं लग्न झालं, धाकटीचंही झालं. मधलीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणे, "आईचं काय ते होऊ दे, मग बघू." आई गेली तेव्हा बघणाऱ्यांना मधलीचं वय जास्त वाटायला लागलं होतं.

मग नातेवाइकांना तिची आठवण यायला लागली. कोणाचं बाळंतपण, कोणाचा मोडलेला हात, कोणाचे म्हातारे सासरे. फोन यायचा दादाला किंवा बाबांना. "मधलीला पाठवा ना थोडे दिवस. तिच्या हाताला गुण आहे हो!" आणि मधली जायची. कोणी तिला उपाशी ठेवलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. निघताना नवा ड्रेस हातात ठेवत. गोड बोलून माणसाचं आयुष्य कसं खर्ची घालता येतं, हे त्या घरांमधल्या कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं, कारण तसा विचार करायची कोणाला गरजच पडली नव्हती.

तिला काय वाटत होतं? दात काढण्यापूर्वी हिरडीत इंजेक्शन देतात, त्यानंतर आपलाच गाल आपला वाटत नाही, तशी ती स्वतःला वाटायची. आई गेली त्या दिवशीही ती रडली नाही. पाणी आणून दिलं, चादरी काढल्या, गादी उन्हात टाकली. "खंबीर आहे पोरगी," बायका म्हणाल्या. ती खंबीर नव्हती. तिला कुठेच काही लागत नव्हतं, एवढंच.

एकच गोष्ट लागलेली होती. आईचे शेवटचे दिवस हॉस्पिटलात गेले. तिथल्या इन्चार्ज सिस्टरने आईला कुशीवर वळवलं आणि पाठीवरची जखम बघून विचारलं, "कातडी नुसती लाल दिसत होती, तेव्हा काय केलंत?"

"तेल लावून चोळत होते," मधली म्हणाली. "रोज. दोन्ही वेळा."

सिस्टरनी आईच्या गुडघ्यांमध्ये उशी सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "चोळायचं नसतं बाळा. त्याने आतून आणखी बिघडतं. पण तुला कोणी सांगितलंच नव्हतं ना."

सहा वर्षं सगळ्यांनी गुण आहे म्हणून सांगितलं होतं. चुकतंय हे सांगणारी पहिली बाई हीच. पुढे त्याच सिस्टरनी तिला नर्सिंग कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचं सांगितलं, स्वतःचं जुनं गाईड दिलं आणि बजावलं, "चाळीस जागांना हजार मुली बसतात. आणि तुझ्या वयाला यंदाचं शेवटचं वर्ष आहे, हे ध्यानात ठेव." मधलीने अभ्यास केला तो दुसऱ्यांच्या उशाशी बसून. सलाईनच्या बाटलीकडे एक डोळा, पुस्तकात दुसरा. काकूंकडे असतानाच ती परीक्षा देऊन आली होती आणि निकाल लागला तेव्हा तिचं नाव मुलाखतीच्या यादीत होतं.

रात्रीच्या जेवणापर्यंत कशाला थांबायचं, म्हणून दादा कामावरून येऊन बूट काढत असतानाच तिने सांगून टाकलं.

"वा! हुशारच आहेस तू," दादा म्हणाला. दुसरा बूट त्याच्या हातातच राहिला. "पण म्हणजे... हॉस्टेलवर राहायचं?"

"हो. चार वर्षं."

"आणि माझं काय?" वहिनी आतून म्हणाली. "तिसऱ्या महिन्यापासून सगळे म्हणताहेत, मधली आहे, मधली आहे. माझ्या आईला मी येऊ नको म्हणून कळवून बसले."

"तसं नव्हे," दादा घाईने म्हणाला. "प्रश्न तो नाही. नर्सचं काम म्हणजे रात्रीच्या ड्यूट्या. परक्या पुरुषांचं सगळं करायचं. लोक काय म्हणतील?"

"मागच्या वर्षी तुझ्या साहेबांच्या वडिलांना मी अंघोळ घालत होते," मधली म्हणाली.

"ते वेगळं."

"कसं?"

"ते घरच्यासारखं होतं." दादालाही ते पटलं नसावं, कारण तो बूट जागेवर ठेवायला उठला. "बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी."

बाबांनी भिंग काढलं, पुसलं. "पुढच्या वर्षी बघू की."

"पुढच्या वर्षी वय बसत नाही, बाबा."

नको असं कोणी म्हणालं नाही, जा असंही नाही. या घरात मोठमोठे निर्णय असेच होत आलेले होते. वहिनीने पानं घेतली आणि सगळे जेवले.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मधली केस विंचरत असताना दाराशी गाडी थांबली. मोठा मावसभाऊ होता. मावशी बाथरूममध्ये पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन ती घरी आली होती. घरात तिचे थकलेले यजमान, दोन मुलगे, दोन सुना.

"झाली का तयारी?" त्याने हसत विचारलं. "चल, आई कधीची वाट बघतेय. पिशवी दे इकडे."

मधलीने दादाकडे पाहिलं. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"मी हो म्हटलंय त्यांना," तो म्हणाला. "तीनेक महिन्यांचा तर प्रश्न आहे. तेवढ्यात वहिनीची वेळ येईल, तेव्हा इकडे परत ये. तुझी मुलाखत... अगं हजार मुलींत लागणार आहे का नंबर? मावशीने लहानपणी तुझं किती केलंय!"

केलं होतं. तेच अवघड होतं. ज्यांनी तिला इकडून तिकडे पाठवलं, त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिचं काहीतरी केलेलं होतं.

"मी येत नाही," मधली म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. आपल्या तोंडून शब्द बाहेर पडतात तसे तिला ऐकू आले, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसे.

"येत नाहीस म्हणजे?" मावसभावाला खरंच कळलं नाही. "मग आईचं कोण करणार?"

"तुम्ही चौघं आहात."

"आम्हाला कामं असतात गं! आणि आम्हाला ते जमत नाही. तुला जमतं."

"मलाही जमत नव्हतं," ती म्हणाली.

"बाबा, ऐकताय का?" दादा ओरडला. बाबांनी घड्याळात डोकं घातलं होतं. त्यांच्या चिमट्यातून एक बारीक स्क्रू निसटून फरशीवर पडला. एरवी मधली खाली वाकून शोधून द्यायची. आज तिने चपला घातल्या. बाबा स्वतःच गुडघ्यांवर बसले आणि फरशी चाचपायला लागले; ती त्यांच्या बाजूने वळसा घालून बाहेर पडली.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघी होत्या. आधीच्या मुली बाहेर येऊन एकमेकींना उत्तरं सांगत होत्या: सेवा, समाज, लहानपणापासूनची इच्छा. मधलीने काही पाठ केलेलं नव्हतं.

"नर्सच का व्हायचंय?" मधल्या खुर्चीतल्या प्राचार्य बाईंनी विचारलं.

"दोन कारणं आहेत," मधली म्हणाली. "माझ्या आईचं मी सहा वर्षं केलं आणि चुकीचं केलं. मला ते शिकायचंय. आणि दुसरं..." ती अडखळली. "ड्यूटी संपते म्हणून."

"म्हणजे?"

"नर्स घरी जाते. दुसरी नर्स येते. मी हॉस्पिटलात बघितलं ते. माझ्या कामाला कधी दुसरी बाई आलीच नाही."

डावीकडच्या बाई हसतील असं तिला वाटलं. त्या हसल्या नाहीत.

चाळीसांत तिचा छत्तिसावा नंबर लागला. प्रवेश घ्यायला तिच्याबरोबर दादा आला नाही. त्या इन्चार्ज सिस्टर आल्या. आनंद झाला का? तिने शोधून पाहिला. नवी गादी, लोखंडी कपाट, तीन अनोळखी मुली. दुपारी ती झोपली. कोणी हाक मारली नाही म्हणून दचकून जागी झाली आणि मग परत झोपली.

पहिलं सत्र संपत आलं असताना मावशी गेली. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यातून विषार पसरला. मधली रजा घेऊन भेटायला गेली.

बाहेरच्या खोलीत सगळे जमले होते. बाबा, दादा, तान्ह्या मुलीला घेऊन वहिनी, दोन्ही मावसभाऊ, त्यांच्या बायका. मधली आत आल्यावर बोलणं थांबलं. मग मोठा मावसभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू असतीस तर आई वाचली असती."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी तिच्यासाठी तयार ठेवलेलं असावं, इतकं ते सराईतपणे आलं.

तिला ते लागलं. खूप दिवसांनी काहीतरी लागलं. मावशीचा चेहरा, तिचं मोठ्याने हसणं, तिने विणलेला पिवळा स्वेटर. तिने डोळ्यांतून पाणी येऊ दिलं आणि तसंच म्हणाली, "मी नव्हते. पण तुम्ही होता."

खोलीतल्यांनी माना खाली घातल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. धाकटा मावसभाऊ उठून बाहेर गेला. थोरली सून म्हणाली, "शिकलेल्या माणसाशी कोण बोलणार!" बाबा म्हणाले, "असू दे आता." आणि लगेच मावशीच्या यजमानांचं पुढे कोण करणार यावर बोलणं सुरू झालं. त्या बोलण्यात दोन्ही मुलांचं नाव कोणी घेतलं नाही. वाचकहो, तुमच्या घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, आणि तिला तुम्ही कधी विचारलं होतंत का, एवढं तरी आठवून पाहा.

मधली स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. मागोमाग वहिनी आली आणि झोपलेल्या मुलीला मांडीवर घेऊन पाटावर बसली. तिचे डोळे खोल गेले होते, केस नीट बांधलेले नव्हते. तिच्या आईने येऊन पंधरवडाभर केलं होतं. त्यानंतर बाळ, बाबा, घर सगळं तिच्या एकटीवर. मधलीला वाटलं, आता हीही बोलणार.

"तिथे," वहिनी दाराकडे बघत हळूच म्हणाली, "लग्न झालेल्या घेतात का गं?"

मधलीने पेला खाली ठेवला. "घेतात. आमच्या वर्गात दोघी आहेत."

"मीपण सायन्सलाच होते. लग्न ठरलं म्हणून सोडलं पुढचं."

"वय बसतं तुझं, वहिनी. अजून दोन वर्षं आहेत."

"आणि हिचं कोण बघेल?" वहिनीने मांडीवरची मुलगी जराशी उचलून दाखवली.

"हिचे बाबा आहेत की."

वहिनीला हसू आलं. अशा घरात हसू नये म्हणून तिने तोंडावर हात दाबला, तरी ते थांबेना. खांदे हलायला लागले आणि बाळ जागं होऊन रडायला लागलं.

"अगं, काय झालं तिला?" बाहेरून दादाचा आवाज आला. "घे जरा तिला!"

वहिनीने मधलीकडे पाहिलं. मग ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि सगळ्यांच्या देखत तिने रडणारी मुलगी दादाच्या हातात दिली.

"तूच घे," ती म्हणाली. "डोक्याखाली हात धर. असा."