आधी पुडिंग, मग टर्की

मी एक ट्रे आहे. पत्र्याचा, चौकोनी, चार बोटं उंच काठाचा आणि तळाला काळाकुट्ट. काळा म्हणजे घाणेरडा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिल्याबरोबर घासणी शोधणारी माणसं जगात फार झालीत. माझ्यात यॉर्कशायर पुडिंग भाजतात. नावाला फसू नका, त्यात साखरेचा कणही नसतो. मैदा, अंडी, दूध, मीठ, धिरड्यासारखं सैल पीठ आणि धूर येईपर्यंत तापवलेली चरबी. पुढची सगळी करामत माझी आणि भट्टीची.

माझा जन्म कीथलीचा, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमधला. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात माझ्या मालकिणीचे, विनीचे, वडील कामाला होते. १९२९ साली विनी लग्न करून सग्डेनांच्या घरी जायला निघाली, तेव्हा त्यांनी मला स्वतः कापलं, वाकवलं, ठोकलं. पोरीच्या हातात देताना म्हणाले, "दागिने घालायची आपली ऐपत नाही. पण हा ट्रे नीट वापरलास तर नवरा रविवारी घर सोडून कुठं जायचा नाही."

नवरा खरंच कुठं गेला नाही. चाळीसएक वर्षं दर रविवारी पोटभर जेवला आणि मगच देवाघरी गेला.

सग्डेनांच्या घरात एक नियम होता. पुडिंग आधी. वेगळ्या ताटलीत, वर कांद्याची ग्रेव्ही, आणि ते संपल्यावरच मांस. विनी वाढताना मोठ्यानं म्हणायची, "जो पुडिंग जास्त खाईल, त्याला मांस जास्त मिळेल." पोरं अधाशासारखी पुडिंग चापायची आणि मांस येईपर्यंत त्यांच्या पोटात बटाट्यालाही जागा उरायची नाही. एवढ्याशा तुकड्यात सहा माणसांचं भागायचं. तिच्या धाकट्या माल्कमला हा डाव कळेपर्यंत त्याला मिसरूड फुटलं होतं.

पुढे बरे दिवस आले, मांस भरपूर आलं, नाताळला टर्की आली. नियम मात्र तोच राहिला. पंचेचाळीस नाताळांत माझ्याशिवाय टेबलावर कुणी काटा उचलला नाही. आता याला कुणी गर्व म्हणत असेल तर म्हणो. मला गर्व आहे.

आणि मग १९७४ चा डिसेंबर आला. विनी दारातल्या पायरीवर बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. कोपरापर्यंत प्लास्टर. स्वयंपाक कोण करणार? माल्कमचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं. नाताळच्या तीन दिवस आधी तो बायकोला घेऊन बोर्नमथहून आला. बोर्नमथ म्हणजे पार दक्षिणेला, समुद्राकाठी. तिथं म्हणे हिवाळ्यातही लोक कोटाची बटणं लावत नाहीत.

सुनेचं नाव रोझलिंड. मुलगी गुणी होती, पण तिच्याकडे एका मासिकातून कापलेला कागद होता. त्यावर नाताळच्या जेवणाचा मिनिटामिनिटाचा बेत छापलेला होता. अकरा वाजता हे, सव्वाअकराला ते. तो तिनं भिंतीला चिकटवला आणि त्यात माझं नाव कुठंच नव्हतं.

"आई, टर्कीबरोबर यॉर्कशायर पुडिंग नसतं हो," ती अदबीनं म्हणाली. "ते बीफबरोबर. नाताळच्या ताटात ते शोभत नाही."

"बरोबर आहे," विनी म्हणाली.

रोझलिंड चकित झाली. "म्हणजे तुम्हाला पटलं?"

"ताटात कोण घालतंय? ताटात ते मीसुद्धा कधी घातलं नाही. आधी वाढायचं, वेगळं."

"पण मग पोट भरेल. टर्की कोण खाणार?"

"त्यासाठीच तर आधी वाढायचं."

रोझलिंडनं नवऱ्याकडे पाहिलं. माल्कम चहाच्या कपात काहीतरी हरवल्यासारखा बघत होता. "मला दोन्ही चालतं," तो म्हणाला. आई आणि बायको यांच्या मधोमध उभ्या असलेल्या पुरुषाला सगळ्या देशांत हे एकच वाक्य येतं.

"या वर्षी नको, आई," रोझलिंड म्हणाली. "मला हे सगळं कागदाप्रमाणे जमवायचंय. पहिल्यांदाच करतेय."

"तुझा हात धड, तुझं राज्य," असं म्हणून विनी पुढच्या खोलीत गेली आणि रेडिओ जरा जास्तच मोठ्यानं लावला.

माझी रवानगी खिळ्यावर. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी एक दगडी कट्टा आहे, त्याच्यावर माझा खिळा. मला राग आला, खोटं कशाला बोलू? शेजारच्या बाईचा माझ्याएवढाच एक ट्रे होता, तो आता अंगणात कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलेला. आज एक नाताळ चुकला, उद्या दुसरा चुकेल, परवा मीही कोंबड्यांपुढे. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर चोचीच दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच कट्ट्यावर रोझलिंडनं टर्की आणून ठेवली. दुकानातून गोठवलेली आणली होती. फ्रिजमध्ये मावेना, म्हणून इथं. "दोन दिवसांत बर्फ वितळून छान सुटेल," ती माल्कमला म्हणाली.

बोर्नमथला सुटली असती. पण यॉर्कशायरच्या तळघरातला दगड तो! त्या कट्ट्यावर डिसेंबरात लोण्याला सुरी लागत नाही. माझ्या नाकासमोर ती टर्की दोन दिवस पडून होती आणि तिच्या अंगावरचं दव दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठलं. मला सगळं दिसत होतं. पण पत्र्याला तोंड असून काय उपयोग? आणि खरं सांगू? मनातल्या मनात मी म्हटलंही, होऊ दे फजिती. मला खिळ्यावर टांगता काय!

नाताळच्या सकाळी नऊ वाजता रोझलिंड टर्की न्यायला आली. तिनं हात लावला. मग बोट दाबलं. मग मूठ मारली. आणि मग ती तिथंच पायरीवर बसली, टर्की मांडीवर घेऊन, आणि हुंदके देऊन रडायला लागली. तेव्हा मात्र माझा सगळा राग गेला. बावीस-तेवीस वर्षांची पोर, परक्या घरात, पहिला सण.

आवाज ऐकून विनी आली. तिनं वाकून प्लास्टरचा हात टर्कीवर आपटला. ठक्. मग शेजारच्या दगडावर आपटला. ठक्. दोन्हींचा आवाज एकसारखा आला.

आता ही बोलणार, मला वाटलं. पंचेचाळीस वर्षांचा अनुभव, वर तीन दिवसांचा अपमान. हिला बोलायला आज कुणाची ना नव्हती.

"क्लिफर्ड किती वाजता येणार?" विनीनं विचारलं.

"साडेबाराला," रोझलिंड डोळे पुसत म्हणाली.

"मग रडायला वेळ नाही. माल्कम! ही उचल आणि वर नेऊन न्हाणीच्या टबात गार पाण्यात घाल. दर अर्ध्या तासानं पाणी बदल."

क्लिफर्ड म्हणजे विनीचा दीर, माल्कमचा काका. लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झालेला, एकटा जीव, खायला दोघांचा आणि बोलायला चौघांचा. कीथलीत टपालाच्या आधी क्लिफर्ड पोचायचा. कुणाचा केक मधे बसला, कुणाच्या घरात ग्रेव्हीला गुठळ्या झाल्या, सगळं त्याच्या तोंडून चर्चच्या पायऱ्यांवर जाहीर व्हायचं.

"आपण त्यांना खरं सांगून टाकू या का?" रोझलिंड म्हणाली.

"क्लिफर्डला? त्यापेक्षा नगरपालिकेच्या भिंतीवर रंगानं लिही. सत्तर वर्षांची होशील तरी 'ती बर्फाच्या टर्कीवाली' म्हणूनच तुला ओळखतील." विनीनं डाव्या हातानं मला खिळ्यावरून काढलं. "अंडी आण. मला फेटता येत नाही, मी सांगते, तू फेट."

काय सांगू! ती पोर फेटत होती आणि ही एका हातानं लढाईवरच्या सेनापतीसारखी खुणा करत होती. "जोरात. अगं, त्याची समजूत नको घालूस, फेट!" पीठ तासभर झाकून ठेवलं. भिंतीवरचा कागद विनीनं काढून त्यावर चरबीची वाटी ठेवली.

क्लिफर्ड बरोबर साडेबाराला आला, टोपी काढायच्या आधी नाक वर करून. "टर्कीचा वास कसा येत नाही?"

"सर्दी झाली असेल तुम्हाला," विनी म्हणाली. "बसा."

बसतो कसला! त्याला आधी वरच्या मजल्यावर जायचं होतं, जिथं टबात टर्की पोहत होती. माल्कम जिन्यात आडवा झाला. "काका, वर पाईप गोठलाय. अंगणातल्या संडासात जा." जन्मात पहिल्यांदा तो इतकं झटकन खोटं बोलला. क्लिफर्ड बर्फातून गेला आणि परत आला तेव्हा त्याचं नाक टोमॅटोसारखं लाल झालं होतं.

इकडे माझ्यात चरबी तापून धूर निघायला लागला. रोझलिंडनं पीठ ओतलं. चर्र! किती दिवसांनी मला मी सापडलो. भट्टीचं दार बंद झालं. "आता कुणी दाराला हात लावेल तर त्याचा हात माझ्या हातासारखा करीन," विनी म्हणाली. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा पुडिंग माझ्या काठाच्या वर वीतभर चढलं होतं, सोनेरी, कडा कुरकुरीत. रोझलिंड नुसती बघत राहिली. मीही जरा छाती फुगवली.

टेबलावर ताटल्या मांडल्या. क्लिफर्डनं पहिला तुकडा संपवला, दुसरा संपवला आणि विचारलं, "वहिनी, टर्की कुठंय?"

"मी अडवलीये," विनी म्हणाली.

"अडवलीये?"

"माझ्या घरात पोटभर पुडिंग झाल्याशिवाय टर्की बाहेर येत नाही. ही पोरगी बिचारी म्हणत होती, एक वाजता वाढू. मीच ऐकलं नाही. तिला काही बोलू नका, बोलायचं तर मला बोला."

रोझलिंडनं मान वर केली. तिचं तोंड उघडलं, पण विनीनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

"वहिनी, प्लास्टर हाताला घातलंय की डोक्याला?" क्लिफर्ड म्हणाला. "नाताळ आहे आज!"

"म्हणून तर दुसरा घाणा लावलाय. जो जास्त खाईल, त्याला टर्कीची तंगडी."

त्या माणसानं सहा तुकडे खाल्ले. तोंडानं कुरकुर, हातानं ग्रेव्ही. तीनच्या सुमाराला तो कोचावर घोरायला लागला. तोवर वर टबातली टर्की सुटली होती. तिचे तुकडे करून, कारण अख्खी शिजायला रात्र झाली असती, सासूसुनेनं ते भट्टीत घातले. साडेचारला टर्की टेबलावर आली. क्लिफर्डला तंगडीचे चार घास गेले. पण तक्रारीला त्याला काही मिळालं नाही, विनीशिवाय.

आणि ती त्यानं पोटभर केली. दुसऱ्याच दिवशी सगळ्या गल्लीला कळलं की विनी सग्डेनचं डोकं फिरलंय, हट्टापायी तिनं पाहुण्याला साडेचारपर्यंत टर्कीविना बसवलं, आणि दक्षिणेची ती सोशिक सून एक शब्द बोलली नाही. दुकानात, चर्चमध्ये लोक विनीला चिडवायचे. "काय हो, या वर्षी टर्की किती वाजता सुटणार?" विनी म्हणायची, "माझी मर्जी होईल तेव्हा." बारा वर्षं ती असंच म्हणत राहिली.

१९८६ साली विनी गेली. दफनानंतर घरी चहा आणि थंड हॅम होतं. ताटल्या कमी पडल्या, म्हणून नक्षीचा कागद घालून मलाही वापरलं. रोझलिंड मला घेऊन खोलीभर फिरत होती. कोपऱ्यात क्लिफर्ड बसला होता, ऐंशी ओलांडलेला, आवाज मात्र तसाच.

"बाई मनाची चांगली होती," तो चार माणसांना सांगत होता. "पण हेकट! त्या नाताळला टर्की कशी अडवली आठवतंय ना? निव्वळ हट्ट!"

माणसं हसली. रोझलिंडनं मला टेबलावर ठेवलं.

"काका, ती टर्की बर्फाचा दगड होती," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी गोठवलेली आणली आणि तळघरात ठेवली. चूक माझी. आई हट्टी नव्हत्या. माझी लाज झाकायला त्यांनी ते स्वतःवर घेतलं आणि बारा वर्षं वागवलं."

माल्कम आपल्या बुटांकडे बघत होता. क्लिफर्डनं तोंडातला घास कसाबसा गिळला.

"म्हणजे पाईप गोठला नव्हता?"

"नाही, काका."

"मी त्या बर्फातनं उगाच गेलो?" त्यानं ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "मला एकदा तरी सांगायचं होतं तिनं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर ते घरात राहिलं असतं?"

"नसतं," क्लिफर्ड म्हणाला. त्यानं रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, पण पुसले डोळे. संध्याकाळपर्यंत त्यानं कीथलीत घरोघरी जाऊन विनीची खरी गोष्ट सांगितली. काठी टेकत, चढावावरून. वय झालं होतं, पण एकही दार त्यानं वगळलं नाही.

आता मी बोर्नमथला असतो. माझा एक काठ वाकलाय, तळ थोडा फुगलाय. रोझलिंडला आता नातवंडं आहेत. ती दर नाताळला म्हणतात, "आजी, टर्कीच्या शेजारीच वाढ ना पुडिंग, सगळे तसंच खातात." रोझलिंड ऐकत नाही. तिला हेकट म्हणतात. ती म्हणते, "आहेच मी."

म्हणून माझं एवढंच मागणं. टर्की, बटाटे आणि कोबीच्या त्या लिंबाएवढ्या गड्ड्यांच्या गर्दीत माझ्या पुडिंगला कोंबू नका, ते तिथं भिजून मऊ पडतं. त्याला आधी वाढा, एकट्याला, गरमागरम. माणसं खात बसतील, आणि आत स्वयंपाकघरात कुणाचं काही बिनसलं असेल तर ते सावरायला थोडा वेळ मिळेल. विनीला तेवढा वेळ पुरला होता.