न पोचलेले एकेचाळीस अभिप्राय

मी एक ईमेल बोलतोय. वेबसाइटवर तुमच्या खात्यात काही घडलं की आपोआप येऊन कळवतो ना, तो मी.

माझा जन्म बडोद्यात, सयाजीगंजमधल्या एका लहानशा ऑफिसात झाला. मोहनाने मला घडवलं. दृष्टिहीन श्रोत्यांसाठी मराठी पुस्तकं आवाजात वाचून ठेवायची वेबसाइट ती बनवत होती. श्रोत्याचा अभिप्राय साइटवर दिसत नसे. तो पुस्तक वाचून देणाऱ्यापर्यंत मीच न्यायचा. माझ्या मजकुरात 'तुमच्या' लिहावं की 'आपल्या', यावर तिने अर्धी दुपार घालवली होती.

चाचणीसाठी तिने सगळ्यांच्या पत्त्यांऐवजी ऑफिसचा एकच पत्ता घातला. साइट सुरू झाली, पेढे वाटले गेले, आणि तो पत्ता बदलायचा राहून गेला.

बडोद्याजवळच्या छाणीचे उदयसिंहराव शिर्के, रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून साइटसाठी माइकसमोर एक जाडजूड कादंबरी वाचत. सदरा घामाने भिजायचा. शहरातल्या वाडी भागात राहणाऱ्या प्रेमलाताई, दृष्टी गेलेल्या शिक्षिका, प्रत्येक प्रकरण ऐकून फोनवर बोलून अभिप्राय पाठवायच्या. 'काका, आज आईचं बोलणं वाचताना तुमचा आवाज हलला. मीही रडले.'

मी ते घेऊन निघायचो आणि ऑफिसच्या त्या पत्त्यावर जाऊन पडायचो. तिथे कुणी फिरकत नसे. अकरा महिन्यांत प्रेमलाताईंचे असे एकेचाळीस अभिप्राय साचले.

"योगू, कुणी ऐकतच नाही गं," उदयसिंहराव मुलीला म्हणाले.

"बाबा, ऑफिसला फोन करून विचारू का?"

"छे! मागून कौतुक घ्यायचं?"

तीन प्रकरणं उरली असताना त्यांनी माइक कपाटात ठेवला. दोन महिन्यांनी पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली.

शेवटी प्रेमलाताईंनीच ऑफिसात फोन केला. "काकांनी वाचणं का थांबवलं? माझं काही चुकलं का?"

शोधाशोध झाली. मोहनाचा सहकारी धवल ओरडला, "मोहना, आ जो! हे बघ, सगळे मेल इथेच पडलेत."

मोहनाने पत्ता दुरुस्त केला, आम्हा एकेचाळीस जणांना छाणीला धाडलं आणि पाठोपाठ स्वतः रिक्षाने गेली.

उदयसिंहराव एकेक मेल वाचत होते. "काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण नुसता घोगरा आवाज निघाला. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'प्रेमलाताईंना माझं काही सांगू नका. त्या स्वतःला दोष देतील.'

उरलेली प्रकरणं योगिनीने वाचली. इंग्रजी शाळेत शिकलेली ती, जोडाक्षरांवर अडखळायची. ती चुकली की वडील बोट वर करायचे.

आज सकाळी मी प्रेमलाताईंचा नवा अभिप्राय घेऊन छाणीला पोचलो. 'ताई छान वाचतात. पण काका रागावलेत का? एक वाक्य तरी त्यांच्या आवाजात ऐकवा.' उदयसिंहराव मला उघडून केव्हाचे तसेच बसले आहेत.

मला घडवणाऱ्यांनो, एवढं करा. ज्याचं खातं आहे, त्याला एकदा विचारा, 'पोचलं का?' अकरा महिन्यांत हे कुणीच विचारलं नाही.