घरचं नाव

अंगठी सांध्यापाशी येऊन अडली होती – साबण लावून झाला, तेल लावून झालं, तरी तिथेच, आणि तिच्या मागे बोटावर एक पांढुरका, मऊ पट्टा, एकतीस वर्षांत ऊन न पाहिलेला. ऋताने बजावलं होतं की कवायतीला अंगावर आजच्या काळातलं काही चालणार नाही, घड्याळ नाही, कानातलं नाही, अंगठी तर मुळीच नाही. लेकीचा हा जुन्या रोमन सैनिकांचा वेश करून कवायती करणारा क्लब म्हणजे उल्काच्या मते तिने स्वतः नोकरी सोडल्यावर मागे लागलेलं लचांडच. आधी नुसते अंगरखे शिवून दे म्हणाली, मग माणसं कमी पडताहेत म्हणून हातात ढाल दिली, आणि उल्काही गेली खरी... सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या त्या हॉलमध्ये ओळीत उभं राहिलं की आपण कुणीच नाही असं वाटायचं, आणि आई गेल्यापासून चार महिने तिला तेच हवं होतं.

आज नाव ठरवायचं होतं. टेबलावर कार्ड होतं, त्यावर तीन ओळी : फौजेतलं नाव, घरचं नाव, बापाचं नाव. रोमची फौज काही सगळी रोमन नव्हती, ऋताने समजावलं होतं, परमुलखातली पोरं पंचवीस वर्षांच्या बोलीने भरती व्हायची, आणि पुष्कळदा तिथला कारकून त्यांना तोंडात बसेलसं नवं नाव देऊन टाकायचा; काहींच्या थडग्यावर मात्र दोन्ही नावं सापडतात. फौजेतलं वॅलेन्स ठरलंच होतं. घरच्या नावासाठी तिने जुन्या शिलालेखांतून काढलेली यादी जोडली होती – बिथस, डिझाला, आणखी वीसेक – त्यातलंच घ्यायचं, मनाचं नाही.

या पोरांना कुणी विचारलं असेल का? तिला विचारलं नव्हतं. तिचं माहेरचं नाव सुरेखा, आणि सासरी थोरल्या नणंदेचंही सुरेखाच. एका घरात दोन सुरेखा म्हणजे हाक मारायची पंचाईत, म्हणून लग्नात नवऱ्याने, चंद्रशेखरने, ताटातल्या तांदळांत याच अंगठीने उल्का असं लिहिलं, अक्षर वळणदार आलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, आणि कुणीतरी ते ताट उचलून आत नेलं. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं. तिलाही नवं नाव आवडलं होतं, ते कबूल करायला हवं... पासपोर्टवर उल्का, रॅफल्स प्लेसच्या बँकेत उल्का, इथे कोण सुरेखा म्हणणार? म्हणणारी माणसं सांगलीत राहिली आणि एकेक करून कमी झाली. शेवटी एकटी आई उरली होती.

आणि चार महिन्यांपूर्वी त्या दिवशी – मीटिंगला दोन मिनिटं असताना – आईचा फोन आला, आणि ऑफिसातल्या सवयीने हिच्या तोंडून गेलं, "हां, उल्का बोलतेय."

आई परक्या बाईशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "सुरेखा आहे का हो? तिची आई बोलतेय."

आईचं शेवटी शेवटी असं व्हायचं, माणसं निसटायची. अगं आई, मीच – एवढंच म्हणायचं होतं. पण मग समजूत घालणं आलं, दहा मिनिटं जाणार, आणि काचेपलीकडे लोक खुर्च्या ओढत होते...

"ती बाहेर गेलीय," उल्का म्हणाली. "आली की सांगते."

"सांगा हं. घाई नाही काही."

तीन दिवसांनी आई गेली. मी असं कसं बोलले... दोन मिनिटं होती ना माझ्याजवळ, पुरली असती की. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, चंद्रशेखरलाही नाही; सांगायला गेलं तर एवढंसंच होतं, आणि रोज सकाळी दात घासताना तेच पहिलं आठवायचं.

तिसऱ्या ओळीवर तिने दीनानाथ लिहिलं. मग यादी बाजूला सारली आणि मधल्या ओळीवर, शाळेच्या वहीवर घालायची तसं सावकाश, सुरेखा.

ऋता ओले केस पुसत आली आणि तिने कार्ड उचललं. "आई, हे तर आत्याचं नाव आहे," ती म्हणाली. "आणि ऑथेंटिक पण नाही. लिस्टमधलं घे, लाह," इथलं सिंगापुरी शेपूट लावत ती म्हणाली, "असं कोणी नव्हतंच."

सोफ्यावर चंद्रशेखरने मोबाइलमधून डोकं वर काढलं. उल्काच्या अर्धवट निघालेल्या अंगठीकडे त्याने पाहिलं, काहीतरी आठवल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर झालं.

"ऐक ना, कसं विचित्र वाटतं ते," ऋता म्हणाली, आणि कवायतीच्या आवाजात तिने हजेरी घेतली, "सुरेखा, दीनानाथचा मुलगा."

"ओ," उल्का म्हणाली.

विचाराच्या आधीच आलं ते, परसातून स्वयंपाकघरात ऐकू जावं असं लांबवलेलं. ऋताला हसू आलं. ओ नाही गं, हजर म्हणायचं, तिने सांगितलं, आणि ती केस विंचरायला आत गेली. उल्का तिथेच उभी राहिली, अंगठी सांध्यावर तशीच. मरीन परेडच्या या फ्लॅटमध्ये हे नाव घेऊन आजवर तिला कुणी हाक मारली नव्हती.

सुरेखा आली होती. आता तिला सांगायला हवं होतं – तुझ्या आईचा फोन येऊन गेला म्हणून.