घोणशीच्या विषाचा बोळा

छपन्नच्या जानेवारीतली ती दुपार. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चांवर गोळीबार झाला होता आणि परळच्या आमच्या इस्पितळात जखमी येतच होते. भिवा विणकराच्या खांद्यातून गोळी आरपार गेली होती. मोठी रक्तवाहिनी बांधून सर्जन दुसऱ्या टेबलाकडे वळले. पण फुटलेल्या हाडातून रक्त पाझरतच राहिले. तिथे बांधण्याजोगे काही नव्हते, आणि चढवायला रक्ताची शेवटची बाटली उरली होती.

मी नवखा डॉक्टर. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येई. कपाटातून मी एक कुपी काढली. घोणशीचे विष, अतिशय पातळ केलेले. शिरेत गेले तर घातक. जखमेवर बोळ्याने दाबून धरले तर रक्त गोठवणारे.

"काय आहे ते?" भिवाच्या बायकोने, सुंदराबाईंनी विचारले.

मी खरे ते सांगितले.

"गोळीनं गेला नाही, म्हणून साप आणलात होय?"

भिवा ओठांतल्या ओठांत हसला. "लावू दे गं. तुझ्या माहेरचंच दिसतंय."

बोळा जखमेवर दाबून मी तो राजारामच्या हाती सोपवला. गिरणीत शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा हा भिवाचा सोबती. बाटली बदलून वळतो तो त्याने बोळा उचलून आत डोकावलेले. तुटलेला धागा सांधला की ओढून पाहायचा, ही त्याच्या हातांची जुनी सवय. नुकतीच धरलेली गुठळी बोळ्याबरोबर निघाली आणि रक्त पुन्हा वाहू लागले.

"धरलं का, तेवढंच बघितलं," तो पुटपुटला.

कुपीत आणखी एका बोळ्यापुरतेच विष होते. मी तो भिजवला आणि स्वतः दाबून धरला.

"आता कुणी बघायचं नाही," मी म्हणालो, आणि त्या आवाजाने मीच दचकलो. "मीसुद्धा."

न पाहणे इतके अवघड असते, हे मला ठाऊक नव्हते. मी भिंतीकडे पाहत राहिलो आणि सुंदराबाई माझ्या चेहऱ्याकडे. दुसऱ्या हाताच्या बोटांखाली भिवाची विझू आलेली नाडी हळूहळू भरत गेली, ओहोटीनंतर खाडी भरत जावी तशी.

सर्जन परतले. वाकून त्यांनी बोळ्याच्या कडा निरखल्या. नवा थेंब कुठेच नव्हता.

"थांबलंय," ते म्हणाले. "बोळा तसाच राहू दे."

राजाराम खिडकीशी धावला आणि खाली ताटकळलेल्या गिरणी कामगारांना त्याने हात हलवून दाखवला. खालून घोषणा उसळली; काचा थरथरल्या.

"त्यांना सांग," डोळे न उघडता भिवा म्हणाला, "मी येतोय."

"खांदा भरू दे आधी," सुंदराबाई म्हणाल्या. "मग दोघं जाऊ."