मुका झालेला पाठ

पडद्यावरच्या बाई पन्नाशीच्या होत्या, केस काळेभोर. शेवटच्या बाकावर बसलेल्या खऱ्या बाई चौसष्टच्या. अपूर्णांकांचा हा पाठ चौदा वर्षांपूर्वी याच वर्गात चित्रित झाला आणि तेव्हापासून शेकडो शाळांत दरवर्षी दाखवला जात होता. गणिताला शिक्षकच नाही अशा शाळांतली मुलंही त्यावर शिकली. त्यांची पत्रं बाईंनी जपून ठेवली होती. आज वर्गावरच्या तरुण शिक्षिकेनं, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीनं, त्यांना हौसेनं बोलावलं होतं.

पाठ रंगात आला. कलिंगड कापलं गेलं. “तिसरा हिस्सा मोठा की चौथा?” पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. तोच शिक्षिकेचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. पडद्यावर दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली, तिचे ओठ हलले, मग बाईंचे. वर्ग पोट धरून हसला, पण सगळं मुकं. मग आवाज परत आला.

“आवाज का गं गेला?” पाठ संपल्यावर बाईंनी विचारलं.

“मशीन जरा बिघडलंय, बाई.”

“उजळणीलाही तिथंच बिघडलं होतं!” पहिल्या बाकावरची चिमुरडी म्हणाली आणि मधल्या सुटीला पळाली.

बाईंना आपलं वाक्य आठवलं. ‘हिला कलिंगड वाटायला बसवू नका रे, सगळे उपाशी राहतील!’ चित्रीकरणवाला म्हणाला होता, ‘झकास, बाई! हे राहू द्या.’ आणि त्यांनी ते खुशीनं राहू दिलं होतं.

“ती तू होतीस?”

“जाऊ द्या ना, बाई. पाठ छानच आहे. पोरांना पटकन कळतो.”

“तेवढं कापता नाही येणार?”

“विचारलं होतं मी पाठ बनवणाऱ्यांना. वाटलेल्या प्रती परत येत नाहीत म्हणाले.”

“मग बाकीच्या शाळांत आवाज कोण बंद करतं गं?”

शिक्षिका वळून फळा पुसू लागली.

“चौथा हिस्सा मोठा, असं का म्हणाली होतीस तू?” बाईंनी विचारलं.

ती कसनुशी हसली. “काका आले की आम्ही चौघं व्हायचो. मग बाबा मोठं कलिंगड आणायचे. तिघंच असलो की छोटं. चौघांत माझी फोड मोठीच यायची, बाई.”



घंटा झाली. मुलं आत आली. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या दोघी बाजूला ताटकळत उभ्या राहिल्या, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत; हाताची घडी घालून, पुसलेल्या फळ्याकडे बघत तशाच बसून राहिल्या.