माझ्या पेटीतल्या मुंग्या

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग पांढरा, असं कागदावर लिहिलेलं आहे. दावणगेरेत सुलोचनम्मांच्या अंगणात मी बारा वर्षं उभी आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. जन्मतः मी अशी नव्हते. बत्तिसाव्या महिन्यात झाले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लोखंडी हातांनी मला जोडलं. त्या हातांनी मला कधी कुरवाळलं नाही आणि कधी थापही मारली नाही. माणसांच्या हातात आल्यावर दोन्ही गोष्टी एकदमच सुरू झाल्या.

पहिला माणूस भेटला तो नंदीश. आमचं शोरूम लहान, त्यामुळे वरच्या मजल्यावर गाड्या विकायचा तोच आणि खालच्या वर्कशॉपचा मुख्यही तोच. विकताना पिवळा टाय लावायचा. गाडी दुरुस्तीला आली की टाय काढून खिशात घालायचा आणि मग त्याची ओळख पटायला लोकांना वेळ लागायचा. सुलोचनम्मा निवृत्त मुख्याध्यापिका. नंदीश सातवीत त्यांच्याच वर्गात होता, म्हणून त्यांनी डोळे मिटून मला घेतलं. विद्यार्थ्यांवर त्यांचा फार भरवसा. वरंटीचं जाड पुस्तक मिळालं. तीन वर्षांत काही बिघडलं तर कंपनी बघून घेईल, असं त्यात मोठ्या अक्षरांत होतं. काय बिघडलं तर बघणार नाही, ते बारीक अक्षरांत होतं, आणि बारीक अक्षरांची पानं जास्त होती.

नंदीशने मला विभूतीचे पट्टे ओढले, हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. फोटो माझ्या कागदांच्या पाकिटात घालून दिला. पुढे दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तो सगळ्या गिऱ्हाइकांना वर्कशॉपमध्ये बोलवायचा. पूजा मोफत, वर मंडक्कीची, म्हणजे चुरमुऱ्यांची, पुडी. मी दोनदा जाऊन आले. मला तेव्हा ते सगळं फार आवडलं होतं, हे कबूल करते.

मला चालवायचा हालेश. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायचा आणि पुसताना माझ्याशी बोलायचा, पण तेवढ्यापुरतंच. त्याचं एक गुपित मला ठाऊक होतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात, कागदांच्या पाकिटामागे, तो गोळ्यांची एक पट्टी लपवून ठेवायचा. त्याला साखरेचा आजार होता. आधीच्या मालकाने ते कळताच त्याला काढून टाकलं होतं, म्हणाला, चक्कर आली तर गाडी विजेच्या खांबावर घालशील. म्हणून अम्मांच्या घरी तो गोळी माझ्या आडोशाला घ्यायचा. कोपऱ्यावरच्या टपरीत बिनसाखरेचा चहा पिताना आजूबाजूला अशी नजर टाकायचा, की बघणाऱ्याला वाटावं हा दारूच पितोय.

आणि बत्तिसाव्या महिन्यात माझं डोकं फिरलं. कडक उन्हात वायपर आपोआप फिरू लागले. एका लग्नाच्या मांडवासमोर, ऐन मुहूर्तावर, हॉर्न वाजायला लागला तो थांबेना. नवऱ्याकडच्या लोकांना वाटलं मुलीकडच्यांनी मुद्दाम केलं. मग एका सकाळी मी सुरूच झाले नाही.

मला ओढून वर्कशॉपमध्ये नेलं. नंदीशने टाय काढला, बॉनेट उघडलं, काचेच्या खालच्या अंगाला असलेली वायरींची पेटी उघडली. आत मुंग्या. दोन-चार नव्हेत, सहकुटुंब. वायरींच्या टोकांना हिरवट चिकट थर.

"गोड पडलंय काहीतरी," नंदीश म्हणाला. "बंगळूरला कंपनीला कळवतो. आठ दिवसांत बघू."

मित्रांनो, वर्कशॉपमधले आठ दिवस हे एक वेगळं माप आहे. ते एक्केचाळीस दिवसांचे असतात. मला मागच्या अंगणात चिंचेखाली उभं केलं. आज साहेब नाहीत, उद्या सुटी, परवा भाग निघालाय, तेरवा दुसऱ्याच गाडीचा भाग आलाय. माझी बॅटरी कोणीतरी 'पाच मिनिटं देतो' म्हणून नेली, ती नऊ दिवसांनी परतली. तीच होती का, याबद्दल मला आजही शंका आहे. टाकीतलं पेट्रोल उभ्या उभ्या कमी होत होतं. चिंचेवरचे कावळेसुद्धा माझ्याकडे बघून आपसांत काही बोलायचे.

एकविसाव्या दिवशी बंगळूरचं उत्तर आलं. नंदीशने ते अम्मांना माझ्याजवळ उभं राहून वाचून दाखवलं. बाहेरून गोड द्रव आत गेल्याचे आढळले, सबब वाहनाची निगा मालकाने राखलेली नाही, सबब वरंटी लागू नाही.

अम्मांबरोबर त्यांचा धाकटा भाऊ रुद्रमुनी आला होता. हा गृहस्थ तीस वर्षं सरकारी गोदामावर मोजणीला होता. चोरी झाली नसली तरी चोर कोण हे तो सांगू शकायचा.

"अक्का, मी तुला सांगतो," तो म्हणाला. "उसाचा रस."

"कुठला उसाचा रस?"

"हालेश पितो. बॉनेटवर ग्लास ठेवून पितो. टपरीपाशी मी स्वतः बघितलंय, चोरासारखा इकडेतिकडे बघत असतो."

"रस पिताना बघितलंस?"

"पिताना नाही. बघताना बघितलं."

हालेश माझ्या दाराला हात लावून उभा होता. अम्मांनी त्याला विचारलं, "काय रे, पितोस का?"

"नाही, अम्मा."

"मग टपरीत काय पितोस?"

हालेश फडक्याने माझं दार पुसू लागला. बिनसाखरेचा चहा म्हणावं, तर का हा पुढचा प्रश्न होता. मला तोंड असतं तर मी बोलले असते. हॉर्न होता, पण बॅटरी तेव्हा दुसऱ्याच्या गाडीत होती.

"बघ, बोलत नाही," रुद्रमुनी म्हणाला. "विजयादशमीपर्यंत कबूल करतो का बघू. नाहीतर याला काढ. माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे."

त्या दिवशी घरी जाताना अम्मा एकट्या रिक्षाने गेल्या आणि हालेश मागून चालत गेला. अडीच वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पान्यांनासुद्धा सुटी. सगळी हत्यारं धुऊन, कुंकू लावून ओळीने मांडली होती, दारात केळीचे खांब. मला चिंचेखालून ढकलत आणून रांगेत उभं केलं. माझ्या पुढे एक कोरी लाल गाडी होती, तिचा आजचाच जन्म. अम्मा आल्या, रुद्रमुनी आला, आणि मागून हालेश आला. त्याच्या हातात माझी चावी होती. ती परत द्यायला सांगितलेलं होतं.

"आधी कागद काढून घे, वकिलाला दाखवू," म्हणत रुद्रमुनीने माझा कप्पा उघडला. पाकीट ओढलं, तसा माझा फोटो खाली पडला, आणि त्यामागून गोळ्यांची पट्टी.

रुद्रमुनीचं तोंड उजळलं. "घ्या. नशेच्या गोळ्या. रस म्हणजे काहीच नाही."

हालेशने डोळे मिटले.

अम्मांनी पट्टी हातात घेतली, चष्मा लावला आणि नाव वाचलं. मग पट्टी उलटी करून पुन्हा वाचलं. पेपर तपासायची त्यांची जुनी सवय.

"रुद्र," त्या म्हणाल्या, "ही नशा मी रोज सकाळी नाश्त्याआधी करते."

"म्हणजे?"

"साखरेच्या आजारावरची गोळी आहे. हालेश, कधीपासून?"

"चार वर्षं, अम्मा." त्याने चावी पुढे केली. "सांगितलं असतं तर तुम्ही काढलं असतं."

अम्मांनी चावी घेतली नाही. "ज्याला चहात साखर चालत नाही, तो उसाचा रस कुठून पिणार? मग गोड आलं कुठून? नुसतं उत्तर मला नको, रीत दाखवा."

रीत दाखवायला कोणी पुढे आलं नाही. ती आमच्या पुढ्यातच चालू होती. नंदीशने पिवळा टाय लावला होता. त्याने कोयत्याने नारळ फोडला आणि फोटोवाल्याकडे हसून बघत, नारळाचं सगळं पाणी त्या लाल गाडीच्या बॉनेटवर, काचेच्या कडेला, अभिषेकासारखं ओतलं. ते पाणी काचेखालच्या जाळीतून आत गेलं. कुठे गेलं ते कोणी बघितलं नाही. फोटो मात्र छान आला असणार.

अम्मांनी खाली वाकून माझा फोटो उचलला. त्यात तोच टाय होता, तोच नारळ, तीच काचेची कड. शेजारी अम्मा स्वतः हात जोडून उभ्या होत्या.

त्या नंदीशपाशी गेल्या आणि तळहात पुढे केला. "उरलंय का त्यात थोडं?"

"तीर्थ म्हणून, टीचर? घ्या ना."

अम्मांनी ते जिभेवर घेतलं.

"नंदीश, हे गोड आहे."

"नारळ चांगला आहे, टीचर. मुद्दाम तिपटूरचा मागवतो."

"माझ्या गाडीवर किती वेळा ओतलंस?"

नंदीशने फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं, मग लाल गाडीकडे. त्याचा हात आपोआप टायकडे गेला. त्याने तो सोडला आणि खिशात घातला.

"तीनदा, टीचर."

"तुझ्या त्या अर्जात कारणाचा रकाना असतो ना? लिही. तीनदा, आणि कोणी, तेही लिही. मी पण हात जोडून उभी होते, माझं नावही घाल. आणि ऱ्हस्वदीर्घ बघून."

त्याने लाल गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. अम्मांनी दोन चुका काढल्या. बंगळूरचं उत्तर चार दिवसांत आलं, म्हणजे रस्ता आधीपासून होता. वरंटी मान्य झाली, पेटी नवी बसली. मुंग्यांना कोणी काही भरपाई दिल्याचं ऐकिवात नाही.

रुद्रमुनीने माफी मागितली नाही. त्याच्या नोकरीत तो विषयच नव्हता. पण मी घरी आले त्या दिवशी तो म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन आला आणि हालेशच्या हातात दिला.

"रुद्रण्णा, मला गोड चालत नाही," हालेश म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने.

"अरे हो. थोडा तरी?"

"तुम्ही मला एकदा उसाचा रस पाजलात, तेवढा पुरे."

अम्मा पायरीवर बसून हसल्या, आणि त्यांनीही पुडा मागे सारला. शेवटी तो रुद्रमुनीनेच संपवला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. माझी विनंती मोठी नाही. गाडीची पूजा जरूर करा, आम्हालाही बरं वाटतं, पण नारळ जमिनीवर फोडा. काही बिघडलं तर आधी झाकण उघडा, आणि माणसावर संशय घ्यायची पाळी शेवटी येऊ द्या. पाचजण हात जोडून उभे असतील, तर कोण काय कुठे ओततंय तेही बघून ठेवा.

माझ्या कप्प्यात आता गोळ्यांच्या दोन पट्ट्या असतात, एक अम्मांची आणि एक हालेशची. दोघं सकाळी एकाच बाटलीतलं पाणी पितात आणि मग आम्ही निघतो. जुन्या ओळखीने एखादी मुंगी अजूनही येते, पेटीभोवती फिरून चौकशी करते आणि काही मिळालं नाही की निघून जाते. ती खरंच गेली का, हे मी मागचं दाखवणाऱ्या आरशात पाहून घेते.