उजवी पाकळी

डिचोली मागे टाकल्यावर एका झरीपाशी मी आईला म्हणाले, "आता पुरे. गुडघा बघ तुझा, केवढा सुजलाय."

"गुडघो माजो. तू कित्याक कण्हतंय?" आई म्हणाली आणि ओंजळीने पाणी चाखू लागली.

झरीवर कपडे धुणाऱ्या बाईला तिने तोवर नेहमीचे प्रश्न विचारून घेतले होते. पाणी कधी आटतं? पूर्वी कधी आटायचं? काजूला यंदा मोहोर कधी आला? आणि शेवटी, धालोची, बायकांनी फेर धरून म्हणायची गाणी येतात का? बाईला गाणी येत होती. प्रत्येक गावात कुणाला ना कुणाला ती येतातच. मी दगडावर बसून पिशवीतला उंडो खाल्ला. शिळा पाव चावेपर्यंतही गाणं संपलं नाही.

बाबा गेल्या श्रावणात गेले. दिवाळीपर्यंत आईने उंबरा ओलांडला नाही. मग एका सकाळी ती म्हापशाला गेली आणि बूट घेऊन आली. आधी पेडण्यातल्या पेडण्यात चालली, मग धारगळपर्यंत, मग तिने ठरवलं की तेरेखोलच्या काठावरून निघून जुन्या पायवाटांनी चोर्ल्याच्या घाटापर्यंत जायचं. वय अडुसष्ट. सुशीलामावशीचा मला वास्कोला फोन आला, "बापायक वरीस जावंक ना, आनी आवय रानात भोंवता. लोक कितें म्हणतले?" माणसं दुःख चालून चालून हलकं करतात, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं. ते मी मावशीला ऐकवलं, काकांना ऐकवलं, शेजारच्यांनाही ऐकवलं. मग रजा टाकून स्वतःच तिच्याबरोबर निघाले.

आता रजा संपत आली होती. आदल्या दिवशी चिऱ्याच्या उतारावर आई घसरली होती. आणि तिचं म्हणणं एवढंच, "तू जा वास्कोक. माजां मी जातंय." एकटी, त्या गुडघ्याने, पुढच्या रानातून. सकाळपासून मी समजावून, रागावून, गप्प बसून पाहिलं होतं. गप्प बसल्याचं तर तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

झरीच्या वर एक देऊळ होतं. मी म्हणाले, "देवाला विचार. पाकळी लाव."

आमच्याकडे देवाचा कौल असा घेतात. फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू कधीसून देवाक मानूंक लागलं?"

"तू मानतेस ना? त्याने थांब म्हटलं तर चालणं बंद करायचं."

"बरां," ती म्हणाली. इतक्या पटकन की मलाच शंका आली.

पुजारी, गुरुदास नाव, देवळामागे पाण्याचा पंप खोलून बसले होते. हात पुसत आले.

"खंयच्यो गे तुमी?"

"पेडण्याच्यो."

"गाडी खंय लायल्या?"

"गाडी नाय. चलत इलंव."

"बंद पडली?"

"नाय हो. चलत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकाकडे पाहतात तसं.

"गाऱ्हाणें घालचें जाल्यार कारण सांगूंक जाय," ते म्हणाले. "बाई चलता कित्याक?"

"माझे वडील गेले," मी सांगू लागले, "आणि तेव्हापासून तिला—"

"तुका न्हय. तुज्या आवयक विचारतां."

बूट पायात म्हणून आई अंगणातच थांबली होती. तिथूनच तिने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि पुजाऱ्यांना नव्हे, थेट देवाला सांगितलं, "म्हाराजा, ह्यांचे पाळी गावाक खाणीवर टिपर होते, मातयेचे ट्रक. चाळीस वर्सां मी ह्याच वाटेन येतंय-जातंय. गाडीत बसून, काच वयर करून. काच सकल केली काय धुळ येता म्हणून हे आरडायचे. खंयचो गाव, खंयची नदी, काय म्हणून काय बघूंक नाय. आता बघतंय. दुसरां काय नाय."

"म्हणजे घोवाच्या दुख्खान न्हय?" गुरुदासांनी विचारलं.

"दुख्ख आसा तां घरात आसा. हय नाय."

मी खांबाला टेकून उभी होते. सगळ्या गणगोताला मी हिचं दुःख समजावून सांगत फिरले होते, आणि ही मजेत होती. राग तर आलाच. पण त्याहून वाईट म्हणजे मला ती गाडी आठवली. मागच्या सीटवर मी, पुढे बाबा, बाहेर खाणीच्या धुळीने सगळं लाल. काच वर असली की बाबांचा आवाज नीट ऐकू यायचा. मला ती वर असलेलीच आवडायची.

"प्रस्न कितें?" गुरुदासांनी विचारलं.

तो मी सांगितला. हिने चालणं इथेच थांबवावं का?

पाकळ्या लागल्या. गुरुदासांनी आवाज चढवला, "बा म्हाराजा, ही पेडण्याची प्रभावती तुज्या दारांत उबी आसा. हिणें चलप हांगाच थांबोवचें, अशें तुका दिसता जाल्यार उजवी दी म्हाराजा!" त्यावर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. जमलेली म्हणजे झरीवरची बाई आणि मी. आम्ही म्हणालो.

मग वाट पाहणं. गुरुदास पंपाकडे गेले. आई पाय लांब करून बसली. पाकळ्या जागच्या हलेनात. बाईने हळूच दुसरं गाणं काढलं. मी डोळे मिटून घेतले.

ते उघडले तेव्हा उजवी पाकळी खाली पडलेली होती.

आईने नमस्कार केला, लंगडत पायरीपर्यंत गेली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. ना कुरकुर, ना डोळ्यांत पाणी. एक बूट काढून तिने पायरीवर ठेवला. दुसऱ्याची गाठ सुटत नव्हती, तरी तिने मला हाक मारली नाही.

"आई, ओली पाकळी आहे. सुकली की पडते."

"पडली मगे."

"पुजारीबाबा," मी हाक मारली, "परत एकदा लावून बघूया?"

"त्याच गजालीक, त्याच दिसा?" पाना हातात घेऊनच ते आले. "बाये, तो देव आसा. मामलेदार न्हय."

"हे बघ," मी आईला म्हणाले, "मी काही हे मानत नाही. आज आराम कर, गुडघा उतरला की जा."

"तू मानू नको. माका सांगलां, मी मानतंय." दुसराही बूट निघाला. "पण तुका खंय थांब म्हणलां?"

"मला?"

"चोर्ल्यापर्यंतच्यो झरी कोण बघतलो?"

"आई, मी चालायला आलेच नव्हते. तुला सांभाळायला आले होते."

"बघलां मी. उंडो खाऊन सांभाळलंस तां."

झरीवरची बाई हसली. गुरुदासांनी पान्याने माझ्याकडे दाखवत गंभीरपणे निकाल दिला, "खरें आसा. चलयेचें नांव गाऱ्हाण्यांत नासलें."

"माझी रजा संपलीय!"

"वाडय रजा," आई म्हणाली. "मी बशीन फुडच्या गावात जातंय. तू वाटेन ये."

ती पायरीवर अनवाणी बसली होती, सुजलेला गुडघा दोन्ही हातांत धरून. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच म्हातारी दिसत होती, आणि ते मीच देवाकडून मागून घेतलं होतं. मी ऑफिसला फोन केला. साहेब काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. गुरुदासांनी आईला स्कूटरवरून बसथांब्यावर सोडलं आणि मी पाण्याची बाटली भरून घेतली.

पुढची वाट काजूच्या बागेतून वर चढते आणि पलीकडे उतरते. वर एका घरापाशी एक आजी काजूबिया सुकवत होती. तिला झरीचं विचारलं आणि उतरले. झरीपाशी पोचते न पोचते तोच आईचा फोन.

"केन्ना आटता?"

"मेमध्ये. आजीने सांगितलं."

"आनी पयलीं केन्ना आटायची?"

मी बाटलीचं झाकण फिरवू लागले.

"विचारूंक नाय मगे?" बसच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली. "पयलीं केन्ना तां कळल्याबगर मे म्हयनो घेवन मी काय करू? जा गो मागे."

फोन बंद झाला. मी वर पाहिलं. आजीचं घर झाडांआड गेलं होतं. मी तोच चढ पुन्हा चढू लागले.